शिवी कुणाला लागते?

नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचे गाव आहे. त्या गावच्या ग्रामसभेने २०२४ च्या नोव्हेंबरात एक ठराव केला. गावात कुणी आईबहिणीवरून शिवी दिली, तर त्याने पाचशे रुपये दंड भरायचा. वर्तमानपत्रात ही बातमी आली त्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षकखोलीत तिचे मोठ्याने वाचन झाले आणि चहाबरोबर हशाही झाला. आमचे एक सहकारी म्हणाले, "हा ठराव मानखुर्दला लावा. घरपट्टी नको नि पाणीपट्टी नको. स्टेशनाबाहेर एक कारकून पावतीपुस्तक घेऊन बसवला, की दिवस मावळायच्या आत तिजोरी भरेल."

मीही हसले. हसण्यासारखेच होते ते. आमचे मानखुर्द हार्बर मार्गावरचे. १९९२ साली खाडीवरून वाशीला गाडी जाऊ लागली, तोवर ती इथेच थांबायची. शेवटच्या स्टेशनावर सगळ्यांनाच उतरावे लागते, तशी इथे माणसे उतरत गेली आणि राहिली. मूळचे आगरी-कोळी, मागून आलेले घाटावरचे, मराठवाड्यातले, उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे, आणि रूळांच्या कडेच्या झोपड्या उठल्यावर लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आणून वसवलेले. भाषेवरून आमच्याकडे अजून कुरबुरी होतात; शिव्यांच्या बाबतीत मात्र वस्ती अखिल भारतीय आहे. नळावर, बसच्या रांगेत, भंगाराच्या गोदामांपाशी ऐकून ऐकून मला पाच भाषांतल्या शिव्या कळू लागल्या आहेत. त्यांतल्या तीन भाषांत मला पाणीसुद्धा मागता येत नाही.

आणि या सगळ्या भाषांत एक गोष्ट सारखी आहे. शिवी दिली जाते पुरुषाला आणि पडते बाईवर. सिग्नलपाशी एका रिक्षाचा आरसा दुसऱ्या रिक्षाला घासतो. दोघे चालक उतरतात. पहिल्या वाक्यात आरसा असतो, दुसऱ्यात डोळे फुटलेत की काय याची चौकशी असते, आणि तिसऱ्या वाक्याला आरसा मागे पडून दोघांच्या आयाबहिणी रस्त्यावर आणल्या जातात. त्या बिचाऱ्या त्या वेळी कुठे असतात? एकाची आई जालन्याकडे कुणाच्या शेतात खुरपत असेल, दुसऱ्याची बहीण आझमगडला पोराला न्हाऊ घालीत असेल. त्यांना त्या आरशाचा पत्ताही नाही. तिथे हजर असते ती मी, बसची वाट पाहत, पिशवी छातीशी धरून. ती शिवी मला दिलेली नसते. पण त्या घोळक्यात बाई म्हणून एकटी मीच उभी असते, तेव्हा ती येऊन बसते माझ्याच अंगावर. कित्येक वर्षे मी हा अनुभव घेत आले आणि अशा वेळी मान खाली घालून स्वतःच्या चपला निरखायला शिकले. म्हणून सौंदाळ्याच्या ठरावावर हसून झाल्यावर घरी जाताना मला त्या गावातल्या बायकांचा हेवा वाटला. कुणीतरी निदान सभेत उठून, इतिवृत्तात लिहून, ही शिवी तुम्हांला लागते हे मान्य तरी केले.

हा रोग आजचा नाही. परळला एक जुना शिलालेख सापडला आहे. शिलाहार राजा अपरादित्याचा, इसवी सन ११८७ चा. दानाचा मजकूर संस्कृतात आहे. शेवटी मात्र हे दान जो मोडील त्याला शाप दिला आहे, आणि तेवढा भाग मराठीत आहे. पुण्याची गोष्ट देवभाषेत आणि शिवी मायबोलीत! बरे, ती दान मोडणाऱ्याला असावी, तर तीही नाही; ती आहे त्याच्या आईला. कोकणात अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. त्यांवर गाढवाचे जे चित्र कोरलेले असते ते या अंकात वर्णन करण्याजोगे नाही. जमीन बळकावणार मुलगा, आणि विटंबना व्हायची त्याच्या आईची, हा न्याय खुद्द राजसत्तेने दगडावर कोरून ठेवला होता. तो आठशे सदतीस वर्षांनी एका खेड्याने निदान आपल्या शिवेपुरता फिरवला, असे मी त्या ठरावाकडे पाहते. दंड किती वसूल होईल हा हिशेब ज्याने त्याने करावा.

पण सगळ्या शिव्या एका मापाने मोजता येतील का, याचा विचार करू लागले तेव्हा मी अडखळले. शिव्यांच्या बाबतीत आपली मराठी फार गमतीची आहे. बेलाची पाने किंवा फुले एक लाख मोजून देवाला वाहिली, की त्याला लाखोली म्हणतात. आणि शिव्याही आपण लाखोलीनेच वाहतो. सात पिढ्यांचा उद्धार पुण्यकर्माने होतो आणि नळावरच्या भांडणातही होतो. कुणाची खरडपट्टी काढली की त्याची 'आरती ओवाळली' म्हणतो. कुणी बरळला की त्याने 'मुक्ताफळे' उधळली. पूजेच्या खोलीतली निम्मी भांडी आपण भांडणासाठी बाहेर काढलेली आहेत. बाईला नावे ठेवायची तर आपण देवीची नावे घेतो. बाळंतिणीच्या खोलीत येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी ती सटवाई. पण शेजारणीला 'सटवी' म्हटले की झाले भांडण सुरू! भवानीचीही तीच गत. जिच्यापुढे कपाळ टेकायचे तिचेच नाव हिणवायला कसे वापरले जाते, हे कोडे मला उलगडलेले नाही. बाईने देवीसारखे बलवान व्हायचे ते देव्हाऱ्यात, घरात नव्हे, असे काही त्यामागे असेल काय?

माझे आजोळ मालवणकडचे. तिथे शिवी वगळली तर माणसे मुकी होतील. 'वस्त्रहरण' नाटक १९८० साली रंगभूमीवर आले आणि साऱ्या महाराष्ट्राला ती बोली ऐकून हसू आले. आमच्या घरी मात्र त्यात हसण्यासारखे काय आहे ते आजीला कळेना, कारण तिच्या दृष्टीने ती माणसे साधेच बोलत होती. तिचा लाडका नातू, म्हणजे माझा मामेभाऊ, मुंबईला निघाला की एस्टीच्या खिडकीशी उभी राहून ती म्हणायची, "मेल्या, पोचल्यार पत्र घाल हां!" आणि पदर डोळ्यांना लावायची. 'मेल्या' या शब्दाचा अर्थ पाहिला तर त्यात मरणाचीच इच्छा आहे. पण त्या शब्दाइतका जिवंत शब्द तिच्यापाशी दुसरा नव्हता. उलट ती खरोखर रागावली की नातवंडांना 'आपण' म्हणू लागायची. "आपण जेवलात वाटते?" एवढे विचारले की आम्ही चुलीमागे दडायचो. सौंदाळ्याच्या पंचांपुढे आजीला उभी केली असती, तर तिला 'मेल्या'साठी दंड झाला असता आणि 'आपण'बद्दल कुणी अवाक्षरही काढले नसते.

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करीत, समोरच्या काठावरच्या बायकांना शिव्या देतात. याला बोरीचा बार म्हणतात. हा प्रकार बंद व्हावा असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी तो पाहिलेला नाही. पण त्याविषयी जे वाचले आणि त्या भागातून आलेल्या एका पालक बाईंकडून जे ऐकले, त्यावरून माझे मत जरा वेगळे झाले आहे. तिथे एका काठावरच्या बाईला जितके तोंड आहे तितकेच समोरचीला आहे. कुणी मालकीण नाही, कुणी मोलकरीण नाही. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, मध्ये वाहते पाणी. दिले तेवढे परत मिळते आणि बार संपला की बायका आपापल्या घरी स्वयंपाकाला जातात. वर्षभर ज्यांनी सासूचे, नवऱ्याचे, सावकाराचे ऐकून घेतले असेल, त्यांना एक दिवस तरी मोठ्याने बोलता येते. शिमग्याच्या बोंबेचेही काहीसे असेच होते. या शिव्यांत शब्द कितीही उघडे असोत, कुणी लहान होऊन घरी जात नाही.

मी कादंबऱ्या लिहिते, तेव्हा या प्रश्नाशी माझी गाठ कागदावरही पडलेली आहे. मराठीत पुस्तकातल्या शिवीवरून थोडे का रणकंदन झाले? १९६५ च्या सुमारास भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'वर आचार्य अत्रे तुटून पडले; आणि अत्रे म्हणजे ज्यांनी 'मराठा'च्या अग्रलेखांतून भल्याभल्यांची सालटी सोलली ते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा सभ्य वाचकांनी कानांवर हात ठेवले. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली नसती तर अनेकांनी तो उघडलाही नसता. ज्या शिव्या त्या गल्ल्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसांच्या तोंडावर फेकल्या जात होत्या त्यांनी कुणाची झोप मोडली नाही. त्या छापल्या गेल्या तेव्हा मोडली.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत मंडाळ्याच्या एका गोदामातला हमाल आहे. तो बोलतो तसा मी बोलवला. प्रकाशकांनी त्याच्या तोंडी जागोजाग फुल्या घातल्या. मी वाद घातला नाही. दिवाळीत घरातली मोठी माणसे मुलांना पुस्तके देतात, त्यांचाही विचार करायला हवा. पुढे पुस्तक हातात आल्यावर मात्र मला एक गोष्ट दिसली. त्याच प्रकरणात गोदामाचा मालक त्या हमालाला म्हणतो, "तुझ्यासारख्याला दारात उभे केले, हीच आमची चूक." हे वाक्य अक्षरन् अक्षर छापले गेले होते. त्यावर फुली नव्हती. प्रकाशकांना ते खटकले नाही आणि लिहिताना मला खटकले नाही. हमालाच्या साऱ्या फुल्या एकत्र केल्या तरी त्या वाक्याच्या वजनाला पुरल्या नसत्या.

सौंदाळा ज्या तालुक्यात आहे त्या नेवाशालाच ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सांगितली. आणि त्या ज्ञानेश्वरांना व त्यांच्या भावंडांना लहानपणी लोक काय म्हणत? संन्याशाची पोरे. यात असभ्य शब्द कोणता? संन्यासी हा पूज्य शब्द, पोर हा घरगुती शब्द. पण ते दोन शब्द एकत्र करून चार लेकरांना आळंदीच्या रस्त्यावर उभे राहणे मुष्किल केले गेले. आजच्या ठरावाने त्या बोलणाऱ्यांना दमडीचाही दंड झाला नसता.

हे सगळे मला एरव्ही सुचले नसते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते; मोठे ग्रंथ वाचून नीतीवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक प्रसंग घडला, आणि तो सांगितल्यावाचून वरचे सारे बोलणे पोकळ राहील.

सहावीचा वर्ग होता. शुद्धलेखनाच्या वह्या तपासत होते. एका मुलाची वही हाती आली, ती निरनिराळ्या वह्यांची पाने दोऱ्याने शिवून केलेली होती. काही पानांवर वरच्या भागात दुसऱ्याच कुणाचे तरी इंग्रजी लिहिलेले, खाली याचे शुद्धलेखन. माझे डोके त्या दिवशी दुखत होते, हे कारण म्हणून सांगत नाही, झाले ते सांगते. मी ती वही दोन बोटांनी वर धरली आणि म्हणाले, "हा काय कचरा उचलून आणलास?"

वर्ग हसला. नेहमीपेक्षा जरा जास्तच हसला. मुलाचे आईवडील देवनारच्या कचराभूमीवर वेचणीचे काम करतात हे वर्गाला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. त्या क्षणी ते माझ्या मनात होते की नव्हते, याचे उत्तर मी स्वतःला अजून देऊ शकलेले नाही. मी वही बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

दोनेक महिन्यांनी त्याच मुलाने मधल्या सुट्टीत एका मुलाला पाडून मारले आणि आईवरून शिवी दिली. शिवी अशी की पाण्याच्या टाकीपाशी उभी असलेली शिपाईबाई सुद्धा चमकली. प्रकरण माझ्यापुढे आले. शिवी या गोष्टीविषयी माझे मत वर सांगितलेच आहे. मी संतापले आणि आईला घेऊन ये म्हटले. दुसऱ्या दिवशी ती माउली आली. अर्ध्या दिवसाची कमाई बुडवून, धुतलेले लुगडे नेसून, हात जोडून उभी राहिली.

"बाई, आमच्या घरात शिवी नाही," ती म्हणाली. "कुठनं शिकला काय म्हाईत."

"अगं, वस्तीतच शिकतात ही मुले," मी म्हणाले. "तू लक्ष द्यायला हवेस."

'अगं' म्हणाले मी. 'तू' म्हणाले. ती माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी लहान असेल. आदल्याच आठवड्यात बँकेत नोकरी करणाऱ्या एक पालक बाई आल्या होत्या, त्या तर वयाने हिच्याहूनही लहान. त्यांना मी 'अहो, या ना, बसा' म्हणाले होते. हा फरक मी ठरवून केला नव्हता. जीभ आपोआप वळली होती, आणि आपोआप वळली हेच वाईट.

मग मी मुलाकडे वळले. "का मारलेस त्याला?"

"हा मला कचरा म्हणतो."

"हाच म्हणतो?"

"सगळे म्हणतात."

"कधीपासून?"

तो माझ्याकडे पाहू लागला आणि गप्प बसला. ज्याने मार खाल्ला होता तोच मुलगा शेवटी म्हणाला, "बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाईंनी ठेवलेले नाव आहे, मग ते म्हटल्याबद्दल मार का पडावा, एवढेच त्याला कळत नव्हते.

त्या आईने माझ्याकडे पाहिले आणि चटकन नजर दुसरीकडे वळवली. मला लाज वाटू नये म्हणून तिने तसे केले असे मला वाटले. "चूक त्याचीच आहे बाई, तुम्ही शिक्षा करा," असे म्हणून ती गेली.

त्या रात्री झोप आली नाही. शिवी देणारा मी समजत होते तो मुलगा होता. आणि खरी शिवी मी दिली होती, शुद्ध मराठीत, व्याकरणाची एकही चूक न करता. त्याने दिलेली शिवी हवेत विरून गेली होती. समोरचा मुलगा ती संध्याकाळपर्यंत विसरला. मी दिलेली मात्र त्याच्या नावाच्या जागी जाऊन बसली होती. कारण ती वर्गाच्या वरच्या अंगाने आली होती, चाळीस मुलांसमोर आली होती, आणि तिला उत्तर देण्याची सोय त्याला नव्हती. मला तो उलटून काय म्हणणार होता? म्हणून त्याने ती साठवली आणि आपल्या बरोबरीच्या मुलावर फेकली, ज्याला ती फेकता येत होती त्याच्यावर. वस्तीतल्या नळावर आणि सिग्नलवर ज्या शिव्या मी ऐकते, त्यांतल्या किती अशा कुठल्या तरी कार्यालयातून, कुठल्या तरी शेठच्या दारातून, सभ्य वाक्यांच्या रूपाने निघून खाली आलेल्या असतील!

पुढे मी कायद्याची चौकशी केली. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात मुलाला मारण्याबरोबरच मानसिक छळ करण्यालाही बंदी आहे. म्हणजे माझे वाक्य त्यात बसते की नाही, हे विचारणारे कुणी असते तर प्रश्न निघाला असता. पण मला जास्त विचारात पाडले ते दुसऱ्याच गोष्टीने. १८६० च्या दंडसंहितेत अपमानाचे एक कलम होते, ५०४ वे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३५२ वे झाले आहे. त्याचा रोख असा, की अपमानामुळे समोरचा चिथावला जाऊन सार्वजनिक शांतता मोडेल, तर तो गुन्हा. म्हणजे या कलमाला चिंता आहे ती शांततेची. ज्याचा हात उठण्याजोगा आहे त्याचा अपमान करू नये. जो मान खाली घालून निघून जाणार, त्याच्यापुरते हे कलम जवळजवळ मुके आहे. त्या आईने माझ्यासमोर हात जोडले, शांतता जराही मोडली नाही.

ही उणीव १९८९ च्या अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या कायद्याने ओळखली. तिथे अपमान झालेला माणूस चिडेल की नाही हे विचारलेले नाही. पाणउतारा करण्याचा हेतू होता का, आणि लोकांच्या नजरेसमोर झाला का, एवढे विचारले आहे. पुढे जातीचे नाव घेऊन शिवी देण्याचे स्वतंत्र कलमही त्यात आले. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. तरी वर्गात 'चकण्या', 'लंगड्या' म्हणणे कुणाला गुन्हा वाटत नाही, आणि आमच्या म्हणींच्या पुस्तकांत आंधळ्या-बहिऱ्यांची जी दैना आहे ती मी परीक्षेसाठी पाठ करून घेते. महाराष्ट्र सरकारने २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले, तेव्हा नावात काय आहे असे म्हणणारे निघालेच. असे म्हणणाऱ्यांच्या पत्त्यात ते नाव कधी नव्हते.

आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्या निमित्ताने एका संध्याकाळी एका आजोबांनी बुद्धाची एक कथा सांगितली. राजगृहाला एक ब्राह्मण संतापून बुद्धाकडे आला आणि त्याला वाटेल ते बोलला. बुद्धाने विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात का? त्यांच्यापुढे तू अन्न ठेवतोस आणि ते त्यांनी घेतले नाही, तर ते कुणाचे राहते? ब्राह्मण म्हणाला, माझेच. तसेच, तुझ्या या शिव्या मी घेतल्या नाहीत, असे बुद्ध म्हणाला. पैठणच्या एकनाथांविषयीही सांगतात, की गोदावरीचे स्नान करून येताना एक जण पुन्हा पुन्हा त्यांच्या अंगावर थुंकला आणि ते पुन्हा पुन्हा स्नानाला गेले, रागावले नाहीत.

या कथा ऐकून माझे मन पूर्वी भरून यायचे. आता त्या ऐकताना मी थांबते. शिवी परत करता येते, हे खरे. पण ती परत करायला माणसाला आधी स्वतःचे घर हवे, जिथे बसून तो 'मला नको' म्हणू शकेल. बुद्धापाशी ते होते, नाथांपाशी होते. अकरा वर्षांच्या मुलाने बाईंनी दिलेले नाव 'मी घेत नाही' असे कसे म्हणायचे? या कथा अपमान सोसणाऱ्यांना सांगतात म्हणून त्या मला अपुऱ्या वाटतात असे नव्हे. ज्यांची जीभ वरच्या पायरीवरून चालते, त्यांना आपण त्याच कथा ऐकवतो आणि ते डोळे पुसून घरी जातात, हे मला खटकते. त्यांत मीही होते.

मी त्या मुलाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर व्हरांड्याच्या टोकाला त्याला थांबवले आणि म्हणाले, "मी तुला तसे म्हणायला नको होते. माझे चुकले." तो म्हणाला, "जाऊ द्या बाई," आणि दप्तर सावरीत पळाला. मला हलके वाटले. कित्येक दिवस मला वाटत होते की मी फार मोठी गोष्ट केली. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागायची म्हणजे काही साधे नव्हे! कायद्यातले 'लोकांच्या नजरेसमोर' हे शब्द वाचले तेव्हा माझ्या ध्यानात आले की अपमान मी चाळीस मुलांसमोर केला होता आणि क्षमा मागितली ती व्हरांड्याच्या टोकाला, कुणी नाही असे पाहून. वर्गाला ती कधी कळलीच नाही. वर्गात ते नाव चालूच राहिले. तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

गेल्या पावसाळ्यात तो मला मानखुर्द स्टेशनच्या पुलावर भेटला. आता चांगला उंच झाला आहे, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्यानेच मला ओळखले. "बाई!" म्हणून हाक मारली, वाकून नमस्कार केला, हातातली जड पिशवी घेतली आणि फलाटावर माझ्याबरोबर उतरला. वह्या तपासता का अजून, असे हसून विचारले. इतक्यात पुलावरून त्याच्या कुणा मित्राने मोठ्याने हाक मारली, "ए कचऱ्या, चल ना!"

"आलो रे," तो म्हणाला.

माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला, "आता सवय झाली बाई. सगळ्यांच्या फोनमध्ये पण तेच नाव आहे माझं."

गाडी आली. त्याने पिशवी बायकांच्या डब्यात चढवून दिली आणि मला आत जागा मिळाल्याचे पाहून मगच तो पुलाकडे वळला. गोवंडी येईपर्यंत मी त्याचे हजेरीपटावरचे नाव आठवत होते. आडनाव आठवले.